नेटवर्क कार्ड ओळखलं जात नाही? ड्रायव्हर शोधण्याआधी त्याचा नंबर वाचा

केबल लावलेली आहे, राउटर चालू आहे, मोबाइलवर वायफाय व्यवस्थित आहे, पण कॉम्प्युटर म्हणतो नेटवर्कच नाही. सेटिंग्जमध्ये इथरनेटचा, म्हणजे केबलच्या नेटवर्कचा, पर्यायही दिसत नाही. अशा वेळी नवीन माणूस हमखास एकच करतो: मोबाइलवर 'लॅन ड्रायव्हर' (विंडोजला नेटवर्क कार्ड वापरता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम) शोधतो, जे पहिलं सापडेल ते डाउनलोड करतो आणि टाकून बघतो. ते नाही चाललं की दुसरं, मग तिसरं. तासाभराने मूळ बिघाड तसाच राहतो आणि मशीनमध्ये नको ते चार प्रोग्रॅम बसलेले असतात.

माझं सांगणं एवढंच आहे की अंदाजाने काही टाकू नका. प्रत्येक नेटवर्क कार्ड, मग ते मदरबोर्डवरची चिप असो की वेगळं घातलेलं, आपली ओळख एका नंबरातून स्वतःच सांगतं. तो नंबर वाचता आला की निम्म्याहून जास्त केसेस घरीच सुटतात. नंबरच मिळाला नाही, तर प्रश्न ड्रायव्हरचा नाही हे लगेच कळतं आणि तुमचा वेळ वाचतो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. क्रम शक्यतो मोडू नका.

पायरी १: बिघाड खरंच कार्डाचा आहे का?

केबल जिथे खोचतो त्या पोर्टवर बहुतेक कार्डांना दोन बारीक दिवे असतात. केबलचं दुसरं टोक चालू राउटरला असताना एक दिवा लागायला हवा आणि दुसरा लुकलुकायला हवा. दिवे लागत असतील आणि आयपी ॲड्रेस (नेटवर्कमधला कॉम्प्युटरचा पत्ता) १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कार्ड ओळखलं गेलं आहे, ड्रायव्हरही चालू आहे, फक्त राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. हा वेगळा आजार आहे. राउटर बंद-चालू करा, दुसरी केबल लावून बघा. पुढचं वाचायची गरज बहुधा पडणार नाही.

पायरी २: मशीनमधली वीज पूर्ण काढा

ही पायरी लोक टाळतात, कारण ती फार साधी वाटते. पण आपल्याकडे तिचा उपयोग भरपूर होतो. डेस्कटॉप बंद केला तरी भिंतीतला प्लग चालू असेपर्यंत पॉवर सप्लाय पाच व्होल्टची थोडी वीज मदरबोर्डला देत राहतो. नेटवर्कची चिप त्याच विजेवर अर्धवट जागी असते. म्हणून तर पीसी बंद असतानाही पोर्टचा दिवा कधीकधी लागलेला दिसतो. वीज वरखाली झाली, लाइट गेली आणि झटक्यात आली, की ही चिप मध्येच अडकते. मग विंडोज कितीही वेळा रीस्टार्ट करा, तिला मिळणारी वीज तुटतच नाही, त्यामुळे ती त्याच अवस्थेत राहते.

उपाय असा: पीसी बंद करा, भिंतीतला प्लग काढा, नेटवर्कची केबलही काढा. आता पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. पाच मिनिटं थांबा आणि मग जोडा. लॅपटॉपला चार्जर काढून हेच करायचं. बॅटरी आतच असलेल्या बऱ्याच मॉडेलमध्ये बटण अर्धा मिनिट धरावं लागतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नव्हे. सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो, बिघाडासकट. 'रीस्टार्ट' मात्र खरोखर नव्याने सुरू करतं. म्हणून तपासणी करताना नेहमी रीस्टार्ट वापरा.

आता वळवाच्या पावसाबद्दल. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात नाशिक, दिंडोरी, निफाडच्या बाजूला विजा चांगल्याच कडाडतात. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची लॅन केबल उघड्यावरून नेलेली असेल, तर जवळ वीज पडल्यावर पहिला बळी बहुतेक वेळा नेटवर्क पोर्टचा जातो. पोर्टमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि इथरनेटच्या मानकानुसार ते दीड हजार व्होल्टपर्यंतचा फरक अडवू शकतात. विजेपुढे तेवढं पुरत नाही. शेतातल्या घरापासून पॅक हाउसपर्यंत केबल ओढली असेल तर पाऊस येण्याआधी दोन्ही टोकं काढून ठेवा. कायमचं करायचं असेल तर तेवढ्या टप्प्यात फायबर टाका. काचेच्या तारेतून विजेचा झटका येत नाही.

पायरी ३: डिव्हाइस मॅनेजरमध्ये नीट बघा

स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करा आणि 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'नेटवर्क ॲडॅप्टर्स' ही ओळ उघडा. मग 'अदर डिव्हाइसेस' अशी ओळ आहे का बघा. तिथे पिवळ्या त्रिकोणासह 'इथरनेट कंट्रोलर' दिसलं, तर ते केबलचं कार्ड. 'नेटवर्क कंट्रोलर' दिसलं, तर ते बहुतेक वायफायचं. ही नावं विंडोजने उगाच दिलेली नसतात. ड्रायव्हर नसला तरी कार्ड आपला प्रकार एका कोडमधून सांगतं, त्यावरून ती येतात. म्हणजे असं नाव दिसणं ही चांगलीच बातमी आहे: कार्ड जिवंत आहे आणि मदरबोर्डशी बोलतं आहे.

त्या ओळीवर डबल क्लिक केलं की 'डिव्हाइस स्टेटस' खाली एक कोड असतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच बसलेला नाही, सगळ्यात सोपी केस. कोड २२ म्हणजे कोणीतरी कार्ड बंद करून ठेवलं आहे. तेव्हा चिन्हावर खाली जाणारा छोटा बाण असतो. उजवं क्लिक करून 'एनेबल' करा, संपलं. कोड १० म्हणजे कार्ड दिसतं पण सुरू होत नाही. इथे चुकीचा ड्रायव्हर किंवा पायरी २ मधली अडकलेली चिप, दोन्ही शक्य आहे. कोड ४३ मध्ये हार्डवेअरनेच बिघाड कळवलेला असतो. यूएसबीच्या कार्डाला तो आला तर आधी पोर्ट बदला. कोड ४५ म्हणजे कार्ड पूर्वी होतं, आता जोडलेलं नाही. तो बघायला 'व्ह्यू' मेनूतून 'शो हिडन डिव्हाइसेस' करावं लागतं.

पायरी ४: नंबर वाचा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. पिवळ्या त्रिकोणाच्या ओळीवर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'डीटेल्स' टॅब. तिथे 'प्रॉपर्टी'च्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. साधारण अशी ओळ येईल (पडद्यावर ती इंग्रजी अक्षरांत असते):

पीसीआय\व्हीईएन_१०ईसी&डीईव्ही_८१२५&एसयूबीएसवायएस_…&आरईव्ही_०५

घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पहिला तुकडा चिप बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा चिपच्या मॉडेलचा. गाडीच्या पाटीवर एमएच १५ दिसलं की ती नाशिकची आणि एमएच ४१ दिसलं की मालेगावची, तसंच हे. १०ईसी म्हणजे रिअलटेक. ८०८६ म्हणजे इंटेल. १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. एवढे पाच पाठ असले तरी घरातल्या आणि दुकानातल्या बहुतेक मशीनचं काम भागतं.

दुसऱ्या तुकड्यात ८१६८ असेल तर ती रिअलटेकची नेहमीची एक गिगाबिटची चिप. ८१२५ असेल तर अडीच गिगाबिटची. इंटेलकडे १५बी८ म्हणजे आय२१९-व्ही आणि १५एफ३ म्हणजे आय२२५-व्ही. ८१६८ बद्दल एक बारकावा आहे: हाच नंबर रिअलटेकने वर्षानुवर्षं वेगवेगळ्या आवृत्त्यांना दिला आहे. नेमकी आवृत्ती शेवटच्या 'आरईव्ही' तुकड्यात असते. त्यामुळे जुना ड्रायव्हर आणि नवी चिप अशी गाठ पडली की नाव बरोबर दिसतं, पण कार्ड अर्धवट चालतं.

तिसरा लांब तुकडा लॅपटॉपवाल्यांच्या कामाचा. त्यातली शेवटची चार अक्षरं मशीन कोणी बनवलं ते सांगतात: १०३सी एचपी, १०२८ डेल, १७एए लेनोवो. चिप एकच असली तरी वायफायच्या बाबतीत कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर जास्त चांगला जुळतो, हा माझा अनुभव.

यूएसबीच्या कार्डाला 'व्हीआयडी' आणि 'पीआयडी' असे दोन तुकडे दिसतात. ०बीडीए म्हणजे रिअलटेक. छोटी वायफाय स्टिक लावली आणि नेटवर्क कार्डाऐवजी सीडी ड्राइव्ह दिसू लागली, तर स्टिक खराब समजू नका. अशा काही स्टिकमध्ये ड्रायव्हरची प्रत आतच असते आणि त्या सुरुवातीला स्वतःला सीडी म्हणून दाखवतात. रिअलटेकच्या बऱ्याच स्टिकचा त्या वेळचा नंबर ०बीडीए आणि १ए२बी असतो. त्या 'सीडी'वरचा सेटअप चालवा, मग ती इजेक्ट करा. स्टिक आपल्या खऱ्या रूपात, नव्या नंबरासह परत दिसते.

पिंपळगाव बसवंतला एका कांदा आडतीवर असाच प्रकार पाहिला. नवा पीसी, त्यावर विंडोज १० नव्याने टाकलेलं, आणि नेट नाही. सकाळचे लिलाव सुरू होणार, शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या छापायच्या खोळंबलेल्या. ज्याने विंडोज टाकलं त्याचा निरोप होता, "भाऊ, लॅन पोर्ट उडालाय, वेगळं कार्ड टाकावं लागेल." पोर्टचा दिवा मात्र लागत होता. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर 'इथरनेट कंट्रोलर', कोड २८, आणि नंबर १०ईसी, ८१२५. अडीच गिगाबिटची ही चिप विंडोज १० च्या बऱ्याच इन्स्टॉलरना माहीतच नसते. पोर्ट ठणठणीत होता, त्याच्यासाठी लागणारा ड्रायव्हर तेवढा नव्हता. मालकांच्याच मोबाइलवरून तो आणला आणि पट्ट्या छापायला लागल्या.

पायरी ५: नेट नसताना ड्रायव्हर आणायचा कसा?

अँड्रॉइड मोबाइल डेटा केबलने पीसीला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंग्जमधून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. विंडोज मोबाइललाच एक नेटवर्क कार्ड समजतं आणि त्याचा ड्रायव्हर सहसा आधीपासून विंडोजमध्ये असतो. केबल मात्र फक्त चार्जिंगची नको, डेटा जाणारी हवी. टेदरिंगचा पर्याय पुसट दिसत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. एकदा नेट सुरू झालं की 'विंडोज अपडेट' चालवा. बऱ्याचदा तेवढ्यानेच ड्रायव्हर येतो.

नाही आला तर लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावर नेमकं मॉडेल टाकून घ्या. तिथे नसेल तर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारे प्रोग्रॅम मी कोणाच्याही मशीनवर टाकू देत नाही. ते जाहिराती आणतात, पैसे मागतात आणि बरोबर चालणारे ड्रायव्हरही बदलून टाकतात.

डाउनलोड केलेला ड्रायव्हर तुमच्याच कार्डाचा आहे का, हे टाकण्याआधी तपासता येतं आणि ते फार थोडे लोक करतात. झिप फाइल उघडून फोल्डर मोकळा करा. त्यात शेवटी आयएनएफ असलेली फाइल शोधा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. ती साधी मजकुराची फाइल असते. कंट्रोल आणि एफ दाबून तुमचा मॉडेल नंबर शोधा, म्हणजे डीईव्ही_८१२५ किंवा जो असेल तो. सापडला तर ड्रायव्हर तुमचा. नाही सापडला तर तो कितीही वेळा टाका, बसणार नाही. जबरदस्तीने यादीतून निवडून बसवलात तर कोड १० येईल, नाहीतर निळा पडदा.

खात्री झाली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ओळीवर 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर', आणि तो फोल्डर दाखवा.

कार्ड भलत्याच नावाने दिसत असेल तर आधी जुना ड्रायव्हर काढावा लागतो. 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' म्हटल्यावर ड्रायव्हरसुद्धा काढून टाकायचा का, अशी एक चौकट येते. तिथे खूण करायला विसरू नका. नाही केली तर विंडोज आपल्या साठ्यातून तोच चुकीचा ड्रायव्हर पुन्हा बसवतं. मग 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस'. अपडेटनंतरच बिघडलं असेल तर 'ड्रायव्हर' टॅबमधलं 'रोल बॅक' आधी वापरून बघा.

पायरी ६: कार्ड कुठेच दिसत नाही तेव्हा

नाव नाही, पिवळा त्रिकोण नाही, हिडन डिव्हाइसेसमध्येही नाही. आता ड्रायव्हर शोधणं पूर्ण थांबवा. मदरबोर्डलाच जे दिसत नाही, त्याला ड्रायव्हर काय करणार?

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जा. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२, काही कंपन्यांत एफ१०. 'ऑनबोर्ड लॅन' किंवा 'लॅन कंट्रोलर' हा पर्याय 'एनेबल्ड' आहे का बघा. जुन्या बोर्डवर घड्याळाची तारीख मागे गेलेली दिसली, तर सीआर२०३२ ही गोल बॅटरी संपली आहे. ती बदलल्यावर सेटिंग्ज टिकतील. बायोसची सेटिंग्ज मूळ स्थितीत आणण्याआधी मात्र एक काळजी घ्या: विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर त्यानंतर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्या. तिच्याशिवाय डेटा हाती लागत नाही.

वेगळं घातलेलं कार्ड असेल तर प्लग काढून, केसच्या धातूला हात लावून, ते बाहेर काढा. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या वर्कशॉपच्या पीसीत नुसती माती नसते, लेथचा बारीक धातूचा कणही असतो. तो स्लॉटमध्ये बसला की कार्ड कधी दिसतं, कधी नाही. सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, स्लॉटमध्ये ब्लोअर मारा, आणि कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. छोटं कार्ड लांब स्लॉटमध्येही चालतं. काही बोर्डवर एम.२ एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी डिस्क) लावली की खालचा एखादा स्लॉट बंद होतो. मदरबोर्डच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं.

लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलणाऱ्यांसाठी: इंटेलचं एएक्स२०१ किंवा एएक्स२११ घेऊन ते एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये लावलं तर ते कधीच ओळखलं जाणार नाही. या कार्डांचा अर्धा भाग इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो. दिसायला तसंच असलेलं एएक्स२०० किंवा एएक्स२१० मात्र स्वतंत्र आहे, ते चालतं. नावातल्या एका आकड्याचा फरक आहे, त्यामुळे घेताना डोळ्यांत तेल घालून बघा. आणि डेस्कटॉपला असं कार्ड लावल्यावर वायफाय चालतं पण ब्लूटूथ दिसत नाही, अशी तक्रार असेल तर कार्डासोबत आलेली बारीक वायर मदरबोर्डच्या यूएसबी पिनांवर लावायची राहिली आहे. ब्लूटूथ तिच्यातून चालतं.

पायरी ७: शेवटचा निवाडा उबुंटूकडून

विंडोज खरं बोलतंय की नाही ते ठरवायला पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) तयार करा आणि मशीन त्यावरून 'ट्राय उबुंटू' म्हणून सुरू करा. डिस्कवर काही टाकायचं नाही. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एलएसपीसीआय ही आज्ञा छोट्या इंग्रजी अक्षरांत द्या, पुढे एक जागा सोडून डॅश आणि एनएनके. प्रत्येक कार्डाचं नाव, चौकटी कंसात तेच दोन नंबर आणि खाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे, हे सगळं येतं. इथे नेट चालू झालं तर हार्डवेअर निर्दोष आहे, विंडोजची बाजू दुरुस्त करा. दोन्हीकडे कार्ड दिसलंच नाही तर चिप किंवा स्लॉट गेला, आणि वाद तिथेच मिटतो. इंटेलच्या कार्डावर 'एनव्हीएम चेकसम' बरोबर नसल्याचा संदेश आला, तर कार्डाच्या आतल्या छोट्या मेमरीतली माहिती बिघडलेली आहे. हे काम घरचं नाही.

कार्ड ओळखलं जातं, पण वेग गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवरच अडकतो, ही तक्रार नेहमी येते. तिथे कार्डाला दोष देऊ नका. १०० ला तारांच्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. केबलच्या टोकाचा आरजे४५ कनेक्टर पुन्हा क्रिंप करा, म्हणजे दाबून नव्याने बसवा.

कार्ड खरंच गेलं असेल तर

मदरबोर्ड बदलायला कोणी सांगितलं तर लगेच हो म्हणू नका. पीसीआयई एक्स१ चं (मदरबोर्डच्या छोट्या स्लॉटमध्ये बसणारं) गिगाबिट कार्ड किंवा यूएसबी ३ चा लॅन ॲडॅप्टर बोर्डाच्या मानाने फार स्वस्तात पडतो. नाशिकच्या एम. जी. रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, पण खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा चिप कोणती ते विचारा. यूएसबीसाठी आरटीएल८१५३ किंवा एएक्स८८१७९ या चिप सगळीकडे ओळखल्या जातात. बिल घ्या आणि पोहोचल्यावर लगेच हार्डवेअर आयडी वाचा. खोक्यावर इंटेल आणि नंबर १०ईसी, असं असेल तर परत करा.

नवीन कार्ड बसल्यावर त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या एकाच कार्डाचा स्वतःचा क्रमांक, जुन्यापेक्षा वेगळा असतो. काही केबल ऑपरेटर जोडणी जुन्या मॅकशी बांधून ठेवतात आणि काही बिलिंग सॉफ्टवेअरचं लायसन्सही त्याच्याशी जोडलेलं असतं. कार्ड ओळखलं गेलं, दिवे लागले, तरी नेट आलं नाही, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, जागा, स्लॅश ऑल टाइप करा. 'फिजिकल ॲड्रेस' समोरची बारा अक्षरं ऑपरेटरला फोनवर सांगा आणि जुना मॅक काढून हा नोंदवायला सांगा. सॉफ्टवेअरवाल्यांनाही तोच कळवा.